बामणोलीची लाँच: पहिल्यांदा शिवसागरात निघणाऱ्यांसाठी

साताऱ्यात घर असलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारतात, "वासोट्याला कसं जायचं हो?" हे आजवर इतक्या जणांना तोंडी सांगून झालंय की आता एकदाचं लिहून काढतो. पुढच्या पाहुण्याला वाचायला देईन आणि मी निवांत पेपर चाळीन.

एक आधीच कबूल करतो. मला त्या वासोट्याच्या गडापेक्षा बामणोली गावातून गडाच्या पायथ्यापर्यंत नेणारं पाणी, म्हणजे कोयना धरणाचा शिवसागर, जास्त आवडतं. बरेच जण लाँचला वडाप, म्हणजे भाड्याची शेअर जीप, समजतात. बसायचं, टोपी तोंडावर ओढायची, डुलकी काढायची आणि पायथा आला की उठायचं. मग गडावरचे फोटो घेऊन घरी गेल्यावर "मधे एक तलाव लागतो" एवढंच त्यांना आठवतं. त्या तलावाखाली अख्खं खोरं आहे, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

कोयना आणि कृष्णा दोघी महाबळेश्वरच्याच. कृष्णा वाईकडे उतरते. कोयना मात्र सह्याद्रीच्या कण्याला खेटून सरळ दक्षिणेला धावते, जवळजवळ ६५ किलोमीटर, आणि हेळवाकला कोपरा काढून पूर्वेकडे वळते. पुढे कराडला दोघी समोरासमोर येऊन भेटतात, तोच प्रीतिसंगम. कोयनेच्या या दक्षिणवाहिनी खोऱ्यातलं रान म्हणजे जावळी. चंद्रराव मोऱ्यांची जावळी, जी शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये घेतली. १९६४ मध्ये हेळवाकजवळ कोयना धरण पुरं झालं आणि खोऱ्यात पाणी मागं मागं सरकत थेट तापोळ्यापर्यंत पोचलं. त्यालाच शिवसागर म्हणतात. १०३ मीटर उंचीची भिंत आणि १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफूट) वर साठा. या पाण्यातलं बरंचसं बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडे पोफळीला उतरवतात, तिथं वीज होते आणि पाणी कोकणात जातं. महाराष्ट्रातल्या लाखो घरांत दिवा लागला तो या खोऱ्यातल्या चुली विझल्या म्हणून. कुणाचं पुनर्वसन रायगड-ठाण्याकडे झालं, कुणाचं सांगली-सोलापूरकडे. कुणी जागा सोडलीच नाही, पाणी वर आलं तसं घर घेऊन डोंगरावर सरकले. बामणोलीत तुम्हाला चहा देणारा, लाँच चालवणारा, तंबू भाड्याने देणारा माणूस बहुधा अशाच घरातला असतो. हे मनात ठेवून बोटीत बसा.

कधी यायचं

पावसाळ्यात नाहीच. इथला पाऊस महाबळेश्वरच्या जातीचा, आणि जूनच्या मध्यापासून दसऱ्याच्या आसपासपर्यंत वासोट्याची वाट वनखातं बंद ठेवतं. वाट उघडल्यावर ऑक्टोबरात पहिल्या पंधरवड्यात गेलात तर धरण काठोकाठ, डोंगर हिरवेगार आणि जंगलात जळवा. मीठ किंवा तंबाखूची पुडी खिशात असू द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि लाँच त्यात शिरली की दोन्ही काठ गायब होतात.

उन्हाळ्यातल्या फेरीला लोक नाकं मुरडतात. मी मुद्दाम एप्रिलमध्ये एक चक्कर मारतो. वीज आणि शेतीसाठी पाणी काढून काढून पातळी खाली गेलेली असते. जिथं डिसेंबरमध्ये लाँच उभी होती तिथून आता शंभर-दोनशे पावलं तांबड्या उतारावरून उतरावं लागतं, शेवटी थोडा चिखलही तुडवावा लागतो. पण उघड्या पडलेल्या काठावर जुन्या शेताचे बांध पायऱ्यांसारखे दिसतात. कुठं जोत्याचे दगड, कुठं वठलेल्या झाडाचं खोड. जिथं गाळ चांगला तिथं लोक लगेच गाळपेर करतात. दर उन्हाळ्यात खोऱ्याचा थोडासा तुकडा असा परत वर येतो आणि जूनमध्ये परत जातो. उन्हाची मात्र तयारी हवी, आणि मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे ढग दिसले तर पाण्यावर थांबायचं नाही.

साताऱ्यातून निघताना

सातारा ते बामणोली पस्तीस-चाळीस किलोमीटर. यवतेश्वरचा घाट चढायचा, कास पठार आणि कास तलाव ओलांडून पलीकडे उतरायचं. अंतर कमी वाटतं, पण रस्ता वळणांचा आहे, सव्वा तास धरा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी कासला फुलांसाठी गाड्यांची रांग लागते, त्या दिवसांत एकतर पहाटे पठार ओलांडा नाहीतर आठवड्याच्या मधल्या वारी या. एसटी साताऱ्याच्या स्टँडवरून आहे, पण फेऱ्या मोजक्या, आणि वासोटा करून परतीची गाडी गाठण्याच्या भानगडीत पडू नका. स्वतःची गाडी असेल तर टाकी साताऱ्यातच भरा. रोख पैसेही साताऱ्यातच काढा. खाली उतरलं की मोबाइलची रेंज लहरी होते, आणि रेंज गेली की ऑनलाइन पैसेही गेले.

वासोटा करायचा तर साडेपाचला घर सोडायचं. "सातला निघू, काय घाई आहे" म्हणणारा एकजण प्रत्येक घोळक्यात असतो. त्याला आदल्या रात्रीच लवकर झोपवा.

आधी ठरवा, मग धक्क्यावर जा

बामणोलीच्या धक्क्यावर गेल्यावर "कुठं जायचंय?" असा प्रश्न येतो आणि नवखे लोक एकमेकांकडे बघतात. सरळ दोन पर्याय आहेत. एक, त्रिवेणी संगमाची छोटी फेरी. कोयना, सोळशी आणि कांदाटी यांचं पाणी जिथं एकत्र येतं तिथवर जाऊन परत. सोबत लहान मुलं, गुडघे दुखणारे आजी-आजोबा असतील तर हीच करा, आणि कमीपणा मानू नका. दोन, वासोटा. यात पूर्ण दिवस जातो.

बामणोलीशिवाय तापोळा, शेंबडी, मुनावळे इथूनही बोटी सुटतात. महाबळेश्वरला मुक्काम असेल तर तापोळा सोयीचं. मुनावळ्याला २०२४ पासून सरकारचं जलपर्यटन केंद्र आहे, तिथं वेगाने पळणाऱ्या बोटी आणि पाण्यावरचे खेळ आहेत. तरुण मंडळी खूष होतात. मला तो आवाज सोसत नाही, म्हणून मी बामणोलीची साधी, छपराची, संथ लाँचच धरतो.

बोटीचं भाडं माणशी नसतं, पूर्ण बोटीचं असतं, आणि ते बोट क्लबनं ठरवलेलं असतं. त्यामुळे चौघं असाल तर धक्क्यावर आणखी चौघं शोधा. असे अर्धवट गट सकाळी तिथं घुटमळतच असतात. भाव करण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी एवढं विचारा: लाँच पायथ्याशी किती तास थांबणार, आणि जास्त वेळ लागला तर काय?

कागद

वासोटा कोयना अभयारण्यात येतो, आणि हे सगळं रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. म्हणजे परवानगीशिवाय पलीकडच्या काठाला पाय लावायचा नाही. बामणोलीत वनखात्याच्या कार्यालयात सगळ्यांच्या नावांची यादी द्यायची, ओळखपत्रं दाखवायची, शुल्क भरायचं, पावती घ्यायची. गाइड घ्या म्हणाले तर हुज्जत न घालता घ्या.

ओळखपत्राच्या झेरॉक्स कागदावर आणा. हे ठळक सांगतो, कारण मी स्वतः तोंडघशी पडलोय. एकदा मावसभावाचा नऊ जणांचा गोतावळा घेऊन गेलो. चौघांची आधार कार्डं हातात, बाकीच्यांची "फोनमध्ये आहेत ना". फोनला रेंज नाही. कुणी उंच दगडावर चढून हात वर करतोय, कुणी साताऱ्याला घरी फोन लावायचा प्रयत्न करतोय. यात पाऊण तास गेला, लाँचवाल्यानं घड्याळाकडे बघून मान हलवली आणि आम्ही वासोट्याऐवजी संगमाची फेरी मारून पिठलं-भाकरी खाऊन परत आलो. भावाची बायको अजून त्या दिवसाचा विषय काढते.

प्लास्टिकची मोजदाद होते, पिशव्या उघडून बघतात. बाटल्या, वेफर्सची पाकिटं जेवढी नेली तेवढी परत दाखवावी लागतात. सगळ्यात सोपं म्हणजे स्टीलच्या बाटल्या आणि घरून फडक्यात बांधून आणलेल्या धपाट्या. मोजायला काही उरतच नाही.

जेवणाचं निघण्याआधी सांगून ठेवा. धक्क्याजवळच्या घरगुती खाणावळीत "चारला येतो, आठ जण" म्हणून सांगितलं की परतल्यावर गरम भाकरी मिळते. न सांगता उशिरा येऊन "काय आहे?" विचारलंत तर जे उरलं असेल ते.

लाँचमध्ये चढणं

इथं पहिल्यांदा बसणारे हमखास गडबडतात. लाँचचं नाक काठाला टेकलेलं असतं आणि तिथूनच चढायचं असतं. नाकाच्या टोकावर उडी मारू नका. आधी सॅक पुढच्याच्या हातात द्या, मग चालकानं पुढे केलेला हात मनगटाशी धरा, एक पाय आत, तोल सावरला की दुसरा. आत गेल्यावर वाटेत उभं न राहता मागच्या बाजूला सरकत जा, म्हणजे नाक हलकं होऊन लाँच सहज सुटते. सगळे एका बाजूला बसलात तर ती कलते. चालक "चार जण तिकडं व्हा" म्हणाला की मुकाट उठायचं. छपरावर चढून पाय सोडून बसायची हौस फोटोपुरती ठीक वाटते, पण वरचं वजन म्हणजे तोल गेलाच.

लाईफ जॅकेट घाला. अंगावर पांघरू नका, पट्टे कमरेशी आवळून घाला. जॅकेटचे खांदे धरून वर ओढून बघा, हनुवटीच्या वर सरकलं तर ढिलं आहे. पट्टा तुटका असेल तर बदलून मागा, लाजू नका. पोहायला येतं म्हणून जॅकेट उशाला घेणारे बहाद्दर मी बघितलेत. २०१९ च्या महापुरात शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा नदीकाठी जन्म गेलेली माणसंही वाचली नाहीत. बोटीवर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त दिसला तर खाली उतरा, मग पाहुणे काय म्हणायचं ते म्हणोत.

आता जागा. ही युक्ती मला पाच-सहा फेऱ्यांनंतर कळली. बामणोलीहून वासोट्याकडे लाँच साधारण दक्षिणेला जाते, सकाळचं ऊन डावीकडून येतं. दुपारनंतर उत्तरेला परतताना ते पश्चिमेचं ऊन पुन्हा डावीकडूनच. म्हणजे जाताना-येताना दोन्ही वेळा उजवी बाजू धरायची. शिवाय जाताना उजव्या हाताला अभयारण्याचं दाट रान दिसतं आणि येताना उजव्या हाताला गावाचा काठ. एका बाकावर बसून दोन्ही काठ बघून होतात.

पाण्यावरचा तास

इंजिन सुरू झालं की पहिली दहा मिनिटं सगळे फोटो काढतात. मग गप्पा, मग पेंग. त्याच वेळी जागं राहायचं. डाव्या काठाला घरं, शेताची पट्टी, एखादं देऊळ, धुणं धुणाऱ्या बाया. उजव्या काठाला माणसाची खूणसुद्धा नाही, फक्त पाण्यापर्यंत उतरलेलं जंगल. एकाच खोऱ्याच्या या दोन बाजू. उजवीकडचीही गावंच होती, ती उठली आणि रान परत आलं. पायथ्याचं मेट इंदवली हे असंच उठलेलं गाव. मेट म्हणजे गडाच्या पहाऱ्याची चौकी, नावात तेवढी उरलीय.

वाटेत तराफा दिसला तर बघून घ्या. लोखंडी फळीसारखा सपाट, त्यावर एखादी जीप, दोन मोटरसायकली, पोती आणि माणसं. पलीकडच्या गावांना डोंगराला वळसा घालून जाण्यापेक्षा तो परवडतो. आपण सहल म्हणून जे करतो ते इथं बाजारहाट, दवाखाना आणि शाळा आहे.

चालकाशी बोला, पण त्याला कामात असताना छेडू नका. एकदा एप्रिलमध्ये आमची लाँच मधेच गचकली. पंख्यात जाळ्याचा नायलॉन गुंतला होता. चालक काकांनी इंजिन बंद केलं, मागच्या फळीवर पालथे झोपले आणि कोयत्यानं एकेक धागा कापत बसले. फटफट थांबल्यावर पहिल्यांदाच इतर आवाज आले. लाँचच्या पोटाला चापट मारणारं पाणी, काठावरून कुत्र्याचं भुंकणं, कुठंतरी पावश्या. धागा हातात गुंडाळत काका उठून बसले आणि हनुवटीनं समोरचा उघडा उतार दाखवला. "त्यो दगुड दिसतोय का? त्याच्या खाली आमचं खळं व्हतं. आज्जा सांगायचा." एवढंच बोलून त्यांनी दोरी ओढून इंजिन चालू केलं. खिशातला फोन काढावा असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

गडावर थोडक्यात

लाँच लागली की काठावर चौकी आहे, तिथं पावती आणि पिशव्या दाखवायच्या. ओढ्याजवळ मारुती-गणपती आहेत, तिथंच पाणी भरून घ्या. वर जायला दोन-अडीच तास. बहुतेक चढ सावलीतून आहे, पण शेवटचा टप्पा उघडा आणि खडा. आवाज कमी ठेवलात तर शेकरू दिसेल. गवा दिसला तर थांबा, तो जाईपर्यंत. वर बिनछपराचा मारुती, महादेवाचं देऊळ, पाण्याची टाकी, चुन्याची घाणी, वाड्याचे अवशेष. पण मुख्य म्हणजे बाबूकडा. त्या तुटलेल्या कड्याच्या वळणासमोर उभं राहिलं की गप्प बसायला सांगावं लागत नाही.

हा गड तुरुंग म्हणून वापरला गेला, आणि त्याचं कारण तुम्ही आत्ताच पार करून आलेलं रान. धरणाचं पाणी नव्हतं तेव्हा इथं पोचणं याहून अवघड होतं. पेशवाईच्या अखेरीस पंतप्रतिनिधींच्या बाजूनं ताई तेलिणीनं हा गड पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांविरुद्ध लढवला, त्यावरची ओळ साताऱ्याकडे अजून ऐकू येते: "श्रीमंत पंत प्रतिनिधी यांचा अजिंक्य वासोटा, तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा." पुढे १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावरून तोफा डागल्या आणि एप्रिलमध्ये गड पडला. साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरातली माणसं तेव्हा इथं कैदेत होती. बाबूकड्यावरून समोर दिसतो तोच जुना वासोटा, तिकडे जायला परवानगी नाही. गडावर मुक्कामालाही नाही.

जवळच्या डोंगरातली नागेश्वरची, म्हणजे महादेवाची, गुहा त्याच दिवशी उरकायचा मोह पहिल्या फेरीत आवरा.

उतरण्याची वेळ

एकच आकडा पाठ करा: एक. दुपारी एकला गड सोडायचा, जेवण राहिलं असलं तरी. उतरायला दीड-दोन तास, मग लाँचचा सव्वा तास. वनखात्याला सगळे संध्याकाळच्या आत बाहेर हवे असतात, आणि हिवाळ्यात डोंगराच्या सावलीमुळे खोऱ्यात अंधार लवकर पडतो. लाँचला मोटारीसारखे दिवे नसतात. पाण्यात वठलेली खोडं असतात, ती चालकाला दिवसा दिसतात. आमच्यातला एक फोटोवाला एकदा तासभर मागं राहिला, तेव्हा काका काठावर उभे राहून नुसते आकाशाकडे बघत होते. रागावले नाहीत. परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत, आणि एका हातानं विजेरी धरून दुसऱ्या हातानं सुकाणू सांभाळत राहिले. त्या फोटोवाल्याला आता आम्ही नेत नाही.

दुपारी वारा सुटतो, पाण्यावर बारीक लाटा उठतात, पुढे बसलेल्यांच्या अंगावर तुषार येतात. फोन पिशवीत. मळमळ होत असेल तर मधल्या बाकावर बसा आणि लांबच्या डोंगरावर नजर ठेवा. उतरताना चढतानाचाच नियम उलटा: लाँच काठाला टेकून दोरी बांधली जाईपर्यंत कुणीही उभं राहायचं नाही. सगळे एकदम उठतात आणि तिथंच ती डुगडुगते.

धक्क्यावर उतरलात की आधी कार्यालयात परत आल्याची नोंद करा, मग भाकरीकडे वळा. तळ्यातला मासा असेल तर ताजा आहे का ते विचारायची गरज नाही, पण काटे बारीक असतात, मुलांना सोलून द्या. बूट बाहेर काढा, खाणावळीचा सोपा सारवलेला असतो.